मंगळवार सांग

कुंदा, काल तुझ्या व्हरांड्यातला कूलर मी चालू केला. खस गेल्या वर्षीचीच होती, पार वाळून गेलेली. पाईप लावून टाकी भरली, बटण दाबलं, आणि तो ओला, मातकट, गोडसर वास आला तशी मी तुझ्या खुर्चीकडे वळून बघितलं. बघायचं नाही असं ठरवून आले होते, तरी बघितलंच. खुर्चीवर कडुनिंबाची चार फुलं पडली होती. मी ती झटकली नाहीत.

तुला जाऊन सोळा दिवस झाले. पुण्यानुमोदनाला मांडव भरून गेला होता. आपल्या रांझी वस्तीतले शेजारी, तुझ्या शाळेतले, आणि आपल्या टेबलावरून गेलेली ती सगळी मुलं. आता मुलं तरी कसली, चांगले मिशा फुटलेले बाप्ये आणि कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. जो तो उठून तुझ्याबद्दल बोलत होता. माइक फिरत फिरत माझ्यापर्यंत आला आणि मी तो पुढे सरकवला. लोकांना वाटलं, शैलाताईंचा कंठ दाटून आला. कंठबिंठ काही नव्हता. मला जे सांगायचं होतं ते माइकवर सांगण्यासारखं नव्हतं, आणि ते आधी तुलाच सांगायला हवं होतं. सात वर्षं जमलं नाही. पल्लवीबद्दल आहे. सांगते, पण मला जरा लांबून यावं लागेल.

आयुष्यभर मी कॉलेजच्या प्रवेश-खिडकीच्या आतल्या बाजूला बसले आणि तू सरकारी शाळेत भूगोल शिकवलास. दोघी एकाच वर्षी रिटायर झालो. मी म्हटलं, आता दुपारी झोपायचं. तू म्हणालीस, आता दुपारी टेबल मांडायचं. बारावीचा निकाल लागला की आसपासच्या मझौलीहून, सिहोऱ्याहून बसने मुलं यायची, ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही अशी. कुठला कोर्स घ्यायचा, फॉर्म कुठे भरायचा, कशाचा पत्ता नसायचा. टेबलाच्या एका टोकाला तू, दुसऱ्या टोकाला मी आणि तो खडखडणारा लॅपटॉप. तुझ्याकडे स्वप्नं, माझ्याकडे टी.सी., मूळ निवासी दाखला आणि दोन फोटो. मुलं आधी तुझ्याकडे बसायची, मग माझ्याकडे यायची, आणि येताना दर वेळी झोपेतून उठल्यासारखी दिसायची.

कारण तू त्यांना मंगळवार विचारायचीस. कूलरसमोर बसवायचीस, डोळे मिटायला लावायचीस आणि तुझ्या त्या सावकाश आवाजात सुरू करायचीस, "दहा वर्षं झाली. मंगळवार आहे, सकाळचे अकरा वाजलेत. कुठे आहेस? हातात काय आहे?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. म्हटलं, "मंगळवारच काहून?"

"रविवारी सगळेच खुशीत राहतात शैले. मंगळवारी अकरा वाजता माणूस जे करून राहतो, तेच त्याचं खरं."

बाहेर मे महिन्याचं ऊन पांढरंशुभ्र पडलेलं असायचं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आत कूलरच्या घरघरीत एकेक मंगळवार तरंगत यायचा. एक मुलगी म्हणाली, हातात खडू आहे आणि समोर कुणीच नाही, सगळी मुलं खिडकीतून इंजिन बघायला गेली आहेत. एक मुलगा डोळे मिटून बसला तो झोपलाच. मी त्याला हलवायला उठले तर तू डोळे वटारलेस. "झोपू दे. बोर्डाच्या परीक्षेपासून बिचारा झोपला नसेल." चांगला तासभर झोपला, उठून तोंड धुतलं आणि बी.कॉम.चा फॉर्म भरून गेला. परवा मांडवात पाण्याचे जार तोच उचलत होता.

मलाही तू विचारलंस, एकदा नाही, दहादा. "तुझा मंगळवार सांग शैले." मी म्हणायची, मंगळवारी माझा उपास असतो, हातात साबुदाण्याची वाटी आहे, आणखी काय? तू हसायचीस. मला वाटायचं, मी जिंकले.

भांडायचो आपण. किती भांडायचो! माझं म्हणणं एकच होतं, की मंगळवारावर सीट मिळत नाही, कागदावर मिळते. चार वर्षं पोरीला कॉलेजात टिकवायचं तर घरापासून अंतर बघ, हॉस्टेल बघ, बापाचा चेहरा बघ. खिडकीच्या आत बसून मी काय काय बघितलं होतं ते तुला सांगून थकले. ऑगस्टमध्ये हसत प्रवेश घेतलेल्या मुली डिसेंबरात बापाच्या मागे खाली मान घालून टी.सी. मागायला यायच्या. त्यांची टी.सी. माझ्या हातानं लिहिलेली आहे. तू म्हणायचीस, "म्हणून त्यांनी मागायचंच नाही का?" आणि तिथे आपलं भांडण अडायचं. मी पातेल्यात साखर जास्त टाकायची आणि तू तो पाकासारखा चहा न बोलता प्यायचीस.

तुझा दुसरा हट्ट कोऱ्या ओळीचा. पसंतीक्रमाचा कागद पेन्सिलीनं भरायचा, पण दुसऱ्या ओळीपासून. पहिली ओळ कोरी सोडायची. ती मुलानं घरी जाऊन, आईबाप, तू, मी, कुणी जवळ नसताना एकट्यानं भरायची आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सांगायची. मग मी ती पोर्टलवर चढवायची आणि यादी लॉक करायची. बहुतेकांकडे तेव्हा स्वतःचा फोन नव्हता, त्यामुळे फॉर्मवर नंबर माझा आणि पासवर्ड माझ्या वहीत. यादीत वर जे असेल ते कम्प्युटर आधी बघतो, मिळालं तर खालचं बघतच नाही. म्हणून पहिल्या ओळीला मोल. हे मीच मुलांना समजावून सांगायची, कुंदा. मीच.

मझौलीच्या शाळेत शिपाई असलेल्या बापाची पल्लवी अशाच एका दुपारी आली. आजोबा भंडाऱ्याकडून आलेले, त्यामुळे तिला मराठी कळायचं सगळं, बोलताना मात्र निम्म्या वाटेवर हिंदीत उतरायची. तुझ्या कठड्यावरचे दगड तिनं आल्या आल्या हेरले. नदीवरच्या लम्हेटा घाटावरून, भेडाघाटच्या वाटेवरून, कुठून कुठून तू उचलून आणलेले ते दगड आम्हा सगळ्यांना अडगळ वाटायचे. ही पोर एकेक उचलून उन्हाकडे धरत होती.

तिचा मंगळवार मला शब्दन् शब्द आठवतो. डोळे मिटले तरी तिनं हातातला दगड सोडला नाही. मग म्हणाली, "नदी आहे मॅडम. पाणी कमी झालं आहे. मी खाली बसली आहे, हातात दगड आहे, तोडलेला, अंदरसे एकदम नया. किसीने नहीं देखा अब तक. मी त्याच्यावर नंबर लिहून राहिली." आणि मग, लाजून, "थोडासा चाटूनपण बघितला."

तू टाळी वाजवलीस. साठी उलटलेली बाई, लहान पोरीसारखी टाळी वाजवलीस! "अगं, भूगर्भशास्त्रवाले चाटूनच बघतात! तुला कुणी सांगितलं?" कुणीच सांगितलं नव्हतं. ती दुपार माझ्या डोळ्यांपुढे अजून तशीच आहे. कूलरमुळे तिच्या कपाळावरचे केस उडत होते, तुझे डोळे भरून आले होते आणि खिडकीच्या जाळीतून ऊन तुमच्या दोघींच्या पायांवर पडलं होतं. मी लॅपटॉपमागून बघत होते. मला तेव्हा तुमचा हेवा वाटला, हेही आज सांगून टाकते.

त्याच संध्याकाळी तू लग्नाला नागपूरला गेलीस, चार दिवसांसाठी. कोरी ओळ घेऊन पल्लवी मझौलीला गेली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, शाळेच्या ऑफिसातून. "काकू, पहिल्या ओळीत भूगर्भशास्त्र. पक्का."

मी म्हटलं, "अच्छा."

आणि फोन ठेवून मी पहिल्या ओळीत मायक्रोबायोलॉजी टाकलं. मुलींचं कॉलेज, आवारातच हॉस्टेल, पुढे गल्लोगल्ली पॅथॉलॉजी लॅब, नोकरी नक्की. भूगर्भशास्त्र दुसऱ्या ओळीत. मला तिचा बाप दिसत होता. पोरगी आठ आठ दिवस कॅम्पला जाते, पोरांबरोबर डोंगर चढते म्हटल्यावर डिसेंबरात हा माणूस माझ्यासमोर उभा राहणार आणि टी.सी. मागणार, हे मला लख्ख दिसत होतं. माझी बोटं जरासुद्धा अडखळली नाहीत. यादी लॉक केली आणि चहा करून प्यायले.

पहिली पसंती मिळालीच. पल्लवीला मी सांगितलं, भूगर्भशास्त्राला नंबर नाही लागला बेटा, दुसरं मिळालं. तू परत आलीस तेव्हा तुलाही तेच सांगितलं. तुझ्या हातात प्रवासाची पिशवी तशीच होती. तू माझ्याकडे बघितलंस. दोन क्षण असतील, चार असतील. मग पिशवी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "चलो, चहा टाकते." भूगर्भशास्त्राच्या जागा दर वर्षी रिकाम्या राहतात, हे तुला माहीत होतं. तुला माहीत आहे, हे मलाही माहीत होतं. आणि आपण दोघींनी चहा प्यायला.

पुढच्या मे महिन्यात तू नवा नियम काढलास. फॉर्म भरून झाला की पासवर्ड मुलानं स्वतः बदलायचा आणि कुणाला सांगायचा नाही, अगदी काकूंनाही नाही. मी केवढी चिडले! "मग मी इथे काय माश्या मारायला बसून राहिली? तुझा भरोसा नाही का माझ्यावर?"

"आहे ना. काहून ओरडून राहिली?" तू शांतपणे पेन्सिलींना टोकं करत होतीस. "मुलांना सवय पाहिजे."

त्यावरून आपण दर वर्षी भांडलो. मुलं पासवर्ड विसरायची, रडत यायची, मी तुला टोमणे मारायची. सगळं भांडण पासवर्डचं होतं. आतलं भांडण आपण कधी उघडलंच नाही.

पल्लवी शिकली, डिप्लोमाही केला आणि लॅबला लागली. सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं काम. तू आजारी पडलीस आणि दर आठवड्याला रक्त तपासायचं ठरलं, तेव्हा तिनं हट्टानं तुझं घर स्वतःकडे मागून घेतलं. तुझी शीर सापडायची नाही, बाकीच्यांनी तुझा हात काळानिळा केला होता. ही पोर तुझं मनगट मांडीवर घ्यायची, बोटानं चाचपत राहायची, आणि तुला कळायच्या आत नळी भरलेली असायची. मग पेन काढून नळीवर नंबर लिहायची. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून बघायची. एक मन म्हणायचं, बघ कुंदा, मी बरोबर होते, हात बघ तिचा. आणि तो नंबर लिहिताना तिची मान वाकायची तेव्हा मला नदी दिसायची, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी वाजवायची.

एकदा ती गेल्यावर तू मला जवळ बसवलंस. आवाज अगदी खोल गेला होता. "शैले, काही सांगायचं आहे का तुला?"

मी म्हटलं, "औषध घेतलंस का?"

तू डोळे मिटलेस. मला वाटलं, तुला झोप लागली. तुझ्या कपाळावर हात ठेवून मी बसून राहिले, खूप वेळ. वाक्य माझ्या तोंडात होतं, कुंदा. अख्खं वाक्य तयार होतं. पुढच्या आठवड्यात सांगू म्हटलं. पुढचा आठवडा आलाच नाही.

काल रविवार होता. पल्लवी रक्ताचं कलेक्शन संपवून आली, खांद्याला नमुन्यांची ती निळी पेटी तशीच. कूलरसमोर बसली आणि कठड्यावरचा एक दगड उचलून ओढणीनं पुसायला लागली. मी तिला चहा दिला, तो तिच्या हातात असतानाच सांगितलं. मधे थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा औषधाचं विचारून मोकळी झाले असते.

ती रडली नाही, ओरडली नाही. कप खाली ठेवला. कूलर घरघरत होता. मग म्हणाली, "मला वाटायचं काकू, माझे नंबर कमी पडले."

तिनं मांडीवरचा दगड उचलला.

"सात साल. बाबांना पण मी तेच सांगितलं, कमी पडले. डिप्लोमाला कॉलेज निवडायचं होतं ना, तेव्हा मी वरचं भरलंच नाही. वाटलं, आपला कुठे लागणार." मग दगडाकडे बघत, "मॅडम नेहमी म्हणायच्या, तुझे नंबर कमी नव्हते पल्लवी. दर वेळी म्हणायच्या. मला वाटायचं, समजूत काढून राहिल्या."

म्हणजे तुला नुसती शंका नव्हती, सगळं पक्कं माहीत होतं. तू तिला खरं सांगितलंस आणि माझं नाव तेवढं वगळलंस, ते माझ्यासाठी राखून ठेवलंस. सात वर्षं तू ओळ कोरी सोडलीस माझ्यासाठी, आणि मी ती भरली नाही. डिसेंबरातल्या मुलींची मला फार काळजी होती ना? ही पोर माझ्यामुळे स्वतःला कमी समजत मोठी झाली, आणि ते मला कधी दिसलं नाही. तू मला उघडं पाडलं नाहीस याबद्दल मी तुझी ऋणी आहे, आणि त्याचाच मला रागही आला आहे. एकदा तरी कडाकडा भांडायचं होतंस. पासवर्डवरून मी भांडायची तशी.

मी तिला म्हटलं, माफी मागण्याइतकंही माझं तोंड नाही. ती म्हणाली, "माफीचं नंतर बघू काकू. अभी मुझे गुस्सा आहे." बरोबर आहे तिचं. मग ती उठली. मला वाटलं, गेली. पण ती टेबलाकडे गेली, माझ्या टोकाला, आणि विचारलं, "वयाची अट आहे का?"

खिडकीच्या आतल्या बाईला हेच एक येतं ना गं. मी डोळे पुसले आणि सांगितलं. वयाचं अडणार नाही. मधल्या वर्षांचं शपथपत्र लागेल. मायग्रेशन काढावं लागेल. नोकरी?

"नोकरी नाही सोडणार. कलेक्शन साडेनऊला संपतं. कॉलेज अकराला."

मी कागद काढला आणि पेन्सिलीनं दुसऱ्या ओळीपासून भरायला घेतला. तिनं माझ्या हातातून पेन्सिल घेतली. "दुसरी ओळ नको," म्हणाली. "एकच भरते." घरी नेला नाही कागद, तिथेच भरला. मी तोंड वळवून तुझ्या खुर्चीकडे बघत बसले, नियम म्हणजे नियम. कडुनिंबाची फुलं कूलरच्या वाऱ्यानं जराशी सरकली होती. खरं सांगते, मी डोळे मिटले. मंगळवार होता, अकरा वाजले होते, हातात पेन्सिलींची टोकं काढायचं ते पातं होतं, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तू कुणाला तरी डोळे मिट म्हणत होतीस. माझा मंगळवार हाच होता कुंदा. विचारत होतीस ना? दहा वर्षं मी त्याच्यातच बसले होते आणि साबुदाण्याचं सांगत होते.

"काकू," पल्लवीनं हाक मारली. मी डोळे उघडले. फॉर्म तिनं स्वतःच भरला होता, स्वतःचा फोन नंबर टाकून. शेवटचा रकाना राहिला होता. तिनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला, डावा हात किबोर्डवर आडवा धरला, माझ्या बाजूनं, आणि पासवर्ड बदलला.

मला सांगितला नाही. मीही विचारला नाही.